‘पाठ छान झाला’च्या पुढे काही लिहा

महोदय,

बी.एड.चे छात्राध्यापक शाळेत आंतरवासितेला, म्हणजे प्रत्यक्ष शिकवण्याच्या सरावाला, निघाले की पाठाचे नियोजन लिहिलेल्या टाचणवहीबरोबर एक दैनंदिनीही निघते. राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या २०१४ च्या नियमांनुसार दोन वर्षांच्या बी.एड.मध्ये आंतरवासिता किमान २० आठवडे असते. पहिल्या वर्षी ४, दुसऱ्या वर्षी १६. वर्गात काय घडले, का घडले आणि पुढच्या तासाला काय बदलायचे, हे या दैनंदिनीत यावे अशी अपेक्षा. बहुतेक वह्यांत सापडते ते एवढेच: ‘आजचा पाठ छान झाला. विद्यार्थ्यांनी उत्तम प्रतिसाद दिला.’ मुले एका सुरात ‘हो सर’ म्हणाली, की झाला उत्तम प्रतिसाद!

दोष एकट्या छात्राध्यापकांचा नाही. प्रस्तावना, हेतुकथन, विषयविवेचन, फलकलेखन, संकलन, गृहपाठ: पाठ निरीक्षणाच्या तक्त्यातले रकाने शिक्षकाच्याच कृतींचे. मुलांना काय समजले, याला फार तर एक ओळ. साहजिकच नजर टाचणावर खिळते, शेवटच्या बाकापर्यंत पोचत नाही.

आणि हल्लीच्या माध्यमिक वर्गात शेवटच्या बाकाचीच अडचण जास्त आहे. फळ्याशेजारी आलेल्या ६५ इंची डिजिटल पॅनेलची (मोठ्या पडद्याची) उंची साधारण ८१ सेंमी. पाठ्यपुस्तकाचे २७ सेंमीचे पान त्यावर पूर्ण लावले तर अक्षर जेमतेम तिप्पट होते. साडेसात मीटरवर बसलेल्या मुलीसाठी हे पुस्तक अडीच मीटर लांब धरून वाचण्यासारखे झाले. त्यात समोरच्या खिडकीचा उजेड काचेवर आला तर तेही नाही. म्हणून अख्खे पान लावूच नये. एक आकृती किंवा तीन-चार ओळी पुरेत. कळीचे शब्द फळ्यावर चार-पाच सेंमी उंचीचे लिहावेत, आणि तासाआधी एकदा मागच्या बाकावर जाऊन बसावे. ‘तंत्रज्ञानाचा प्रभावी वापर केला’ यापेक्षा ‘पाचव्या बाकाच्या मागे अक्षर दिसत नव्हते’ ही नोंद लाखमोलाची.

दहावीचा भिंगांचा पाठ घ्या. १० सेंमी नाभीय अंतराचे बहिर्गोल भिंग, मेणबत्ती १५ सेंमीवर. पलीकडे ३० सेंमीवर दुप्पट, उलटी प्रतिमा पडद्यावर मिळते. पंखा बंद हवा, नाहीतर ज्योत हलते. मेणबत्ती ८ सेंमीवर आणली की पडदा कुठेही सरकवा, प्रतिमा सापडत नाही. भिंगातून पाहिले तर मात्र मोठी, सुलटी दिसते. पॅनेलवरच्या ॲनिमेशनमध्ये ही आभासी प्रतिमाही पडद्यावर मिळणाऱ्या वास्तव प्रतिमेसारखीच अनेकदा रंगवलेली असते, त्यामुळे ती कागदावर पकडता येईल असा समज सहज होतो. माना डोलावणाऱ्या वर्गाकडे बघून तो कळत नाही.

त्यासाठी तासाची शेवटची पाच मिनिटे राखून मुलांकडून उत्तराच्या चिठ्ठ्या घ्याव्यात. प्रश्न एकच: ‘मेणबत्ती ८ सेंमीवर असताना तिची प्रतिमा कुठेतरी कागद धरून मिळवता येईल का? का?’ दुसरा ‘का’ गाळू नये, नाहीतर निम्मी मुले अंदाजानेच बरोबर येतात. शेजाऱ्याचे बघून लिहिणे टाळायला एकाआड एक मुलाला १२ सेंमीचा प्रश्न द्यावा. चिठ्ठ्यांचे तीन गठ्ठे करायचे: कारणासह बरोबर, नुसते बरोबर, चूक. साठ चिठ्ठ्यांना पंधरा मिनिटे पुरतात. गठ्ठ्यांचे आकडे आणि चुकीची दोन उत्तरे जशीच्या तशी दैनंदिनीत उतरवली की उद्याच्या तासाची सुरुवात आपोआप ठरते.

प्रश्न विचारण्याचेही तसेच. बैठकीचा आराखडा काढून ज्याने उत्तर दिले त्याच्या चौकटीत सहाध्यायी निरीक्षकाने टिंब करावे. टिंबे पुढच्या तीन बाकांवरच दाटलेली दिसली तर त्यावर वेगळे भाष्य लागत नाही. प्रश्नानंतर किती थांबलो, हेही त्याने मनात अंक मोजून टिपावे. शिक्षक सरासरी सेकंदभरच थांबतात आणि तीन सेकंद थांबले तर उत्तरे लांबतात, गप्प मुलेही बोलू लागतात, हे अमेरिकेतील शिक्षणसंशोधक मेरी बड रो यांनी १९७० च्या दशकातच दाखवून दिले आहे. ३५ मिनिटांच्या तासात एवढी चैन परवडते.

आता अडचण. शाळेला छात्राध्यापक म्हणजे शिक्षक नसलेल्या ऑफ तासाला सापडलेला हक्काचा माणूस. दिवसाला चार-चार तास भरून काढल्यावर चिठ्ठ्या कोण बघणार? महाविद्यालयाला वही नीटनेटकी हवी आणि जिओटॅग केलेले (ठिकाणाची नोंद असलेले) फोटो हवेत. मग शेवटच्या आठवड्यात सगळी दैनंदिनी एका बैठकीत, एकाच शाईने लिहून होते.

विद्यापीठांनी यावर तीन साधे बदल करावेत. नोंद अर्ध्या पानाची आणि रोज नव्हे, आठवड्यातून दोनदाच असावी. विषयशिक्षकाने त्याच दिवशी चिठ्ठ्या पाहून सही करावी. आणि दैनंदिनीच्या गुणांपैकी निम्मे गुण ‘दुसऱ्या दिवशी काय बदलले’ या एकाच रकान्याला असावेत. तो कोरा असेल तर बाकी पाने कितीही सुबक असोत, ते गुण मिळू नयेत.

– एक शिक्षक-प्रशिक्षक, सातारा