गवळण त्याची, ठेका तुझा

मँचेस्टर,
आषाढ शुद्ध नवमी

चि. बंड्यास अनेक आशीर्वाद.

काल फोनवर तू भडाभडा बोललास, मी बसमध्ये असल्याने नुसती हं हं करत राहिले. म्हणून लिहिते.

भजनातली गवळण तुझ्याकडून काढून त्या नव्या मुलाला दिली, एवढीच गोष्ट. पण इतकं बोललास, त्याच्या गळ्याबद्दल अवाक्षर नाही! आईने पाठवलेला व्हिडिओ मी पाहिला. पोराचा वरचा सूर असा लागला की मागच्या एका टाळकऱ्याचे टाळ हातातच राहिले. आणि तू पखवाजाच्या डाव्या तोंडाला कणीक थापतोयस, चेहरा एरंडेल प्यायल्यासारखा.

तुकोबांची आरती म्हणता ना मंडळात? शेवटी नाव कुणाचं येतं? रामेश्वरभट्टांचं. वाघोलीचे हे पंडित. तुकोबांनी मराठीत वेदांचा अर्थ सांगावा हे त्यांना खपेना, आणि गोष्ट वह्या इंद्रायणीत बुडवण्यापर्यंत गेली. (तो निव्वळ मत्सर नव्हता, जातीचा ताठाही होता, हे मान्य.) तेरा दिवसांनी वह्या कोरड्या वर आल्या ही आपली श्रद्धा. मला पुढचं जास्त नवलाचं वाटतं. जो माणूस डोळ्यांत सलत होता, त्याचीच आरती भट्टांनी रचली, आणि आपण ती अजून म्हणतोय.

देवापुढे बसून 'मत्सर जाऊ दे, मत्सर जाऊ दे' असं घोकलं तर तोंडी मत्सराचंच नाव राहतं. काहीतरी करावं लागतं. नामदेवांचं बघ. १२९६ साली आळंदीला ज्ञानदेवांनी समाधी घेतली, तो प्रसंग आपण नामदेवांच्या अभंगांतूनच ऐकतो. एवढी वाणी लाभलेला माणूस, पण ती मित्रासाठी खर्च करताना हात आखडला नाही.

आणि पसायदान? ज्याला जे हवं ते मिळो, असं हात जोडून म्हणतोस. मग विठोबाने त्या पोराचं ऐकलं तर तुझी तक्रार कसली?

परवा एकादशीला सगळे वडाळ्याच्या विठ्ठलमंदिरात जाल. तिथे माळकरी वय न बघता एकमेकांच्या पाया पडतात, तसा तूही त्याच्या पड. आणि 'काय गायलास रे' हे चारचौघांत म्हण, कानात नको. तेवढं जमलं नाही तर निदान त्याच्या गवळणीला ठेका मनापासून धर. गाणाऱ्याला दम घ्यायला जागा कुठे सोडायची हे तुझ्या हाताला कळतं, बुवा स्वतः बाबांना म्हणाले होते. ते त्या पोराला येत नाही. तुझ्याशिवाय त्याचा वरचा सूर उघडा पडेल.

आईच्या गुडघ्याचं काय झालं ते कळव. डॉक्टरकडे जायचं ती टाळणार, तूच घेऊन जा.

एकादशीच्या भजनाचं रेकॉर्डिंग पाठव. गवळणीसकट. तुझ्या पखवाजाचा तेवढा तुकडा कापून पाठवू नकोस.

तुझी,
ताई