डबा

पुणे, ४ ऑगस्ट

प्रिय बाळ्या,

सप्रेम नमस्कार.

सहा महिने झाले, तुला एक ओळ नाही. फोन केलास तर मी दोन मिनिटांत आटोपता घेतला. तू रागावला असणार, आणि हक्काने रागाव. प्रकृती ठीक आहे, गुडघा तेवढा कुरकुरतो. न लिहिण्याचं कारण वेगळंच आहे. काल रात्री एक जुनी फिल्म पाहिली आणि आता गप्प राहवत नाही.

पीटर कुशिंग आठवतो ना? अलकाला रात्रीच्या खेळाला पाहिलेला, ड्रॅक्युलाच्या मागे लागणारा तो हाडकुळा माणूस. ‘स्टार वॉर्स’मध्ये एक अख्खा ग्रह उडवून देतो तोच. ब्रिटिश पाथेवाल्यांनी १९५६ साली त्याची बातमीपटाची एक छोटीशी फिल्म काढली होती. ते दृश्य काय सांगू तुला! त्रेचाळिशीला टेकलेला नावाजलेला नट खेळण्यातल्या शिपायांवर ओणवा झालाय आणि लढाई खेळतोय. त्याच्याकडे असे हजारो शिपाई होते. एकेकाला दोन बोटांत अलगद धरून पुढे सरकवतो. चेहऱ्यावर लाज नाही, कॅमेऱ्याकडे बघून ओशाळणं नाही. बाळ्या, तू किल्ल्यापुढे पालथा पडून दिंडी दरवाजा लावायचास तेव्हा तुझा चेहरा अगदी असाच व्हायचा. मी ती फिल्म चार वेळा पाहिली.

तो खेळायचा ते एच. जी. वेल्सच्या नियमांनी. काळयंत्राची गोष्ट लिहिणारा तोच वेल्स. १९१३ साली, म्हणजे कुशिंग जन्मला त्याच वर्षी, त्याने ‘लिटल वॉर्स’ नावाचं या खेळाचं पुस्तकच काढलं. सुरुवात कशी झाली ऐक. एक मित्र जेवायला आला होता, जेवण झाल्यावर त्याने शेजारच्या छोट्या टेबलाशी खुर्ची ओढली आणि खेळण्यातल्या तोफेने शिपाई टिपायला लागला. तोफ स्प्रिंगची, गोळा म्हणजे इंचभर लाकडी कांडी. पुढे यांनी विश्वकोशाचे खंड मांडून मुलूख उभा केला. नुसती तोफबाजी पुरेना तेव्हा आळीपाळीने चाली आल्या, चालीला वेळेचं बंधन आलं. मग हातघाईचा निकाल कसा लावायचा, यावर डोकेफोड. शेवटी ठरलं की समोरासमोर सारखेच असतील तर एकास एक, दोन्हीकडचे पडणार. आणि आता नीट वाच : पायदळाची चाल एक फूट, घोडदळाची दोन फूट.

आपलं काय होतं? मावळा एक वीत, घोडा दोन विती! आपल्याला कोणी सांगितलं होतं रे? वेल्सचं नाव तरी माहीत होतं का आपल्याला? फक्त तो दोरीने मोजायचा आणि आपण हाताने, म्हणून तर भांडणं. तुझा पंजा हा एवढा, फावड्यासारखा. तुझा घोडा दोन वितींत बुरजाखाली, माझा अजून तुळशीपाशीच. शेवटी तुझ्या आईने मांज्याचा तुकडा कापून दिला आणि म्हणाली, “ही सरकारी वीत, आता ओरडलात तर फराळ बंद.” आणि ती गोटी! भिंतीवर आपटून उलटी आली आणि माझा तोफची फुटला, तो मेला की नाही यावरून आपण दिवाळीचे तीन दिवस बोललो नव्हतो. सैन्याची वाटणी झाली ती तेव्हाच. घोडदळ तुझं, पायदळ माझं. मला अजूनही वाटतं की तो मेला नव्हता.

तर ते पायदळ.

वाडा पाडायला दिला हे तुला माहीत आहे. फेब्रुवारीत सामान काढलं. माळ्यावरचा तो बिस्किटांचा चौकोनी पत्र्याचा डबा मीच खाली उतरवला. झाकण गंजून घट्ट बसलं होतं, धुळीने मला शिंका येत होत्या आणि खाली टेम्पोवाला हॉर्न वाजवत होता. भंगारवाल्याने डबा कानाशी धरून हलवला. खडखड झालं. “आत काय आहे, साहेब?” मी म्हटलं, “काही नाही, माती आहे.” त्याने तो हातगाडीवर टाकला. बाळ्या, मला माहीत होतं आत काय आहे. तीस-पस्तीस मावळे, निम्मे फेव्हिकॉलने जोडलेले, तू रेषा ओढून मिशा काढलेले. मातीच होती ती, खोटं बोललो नाही, पण त्या एका शब्दाने सहा महिने झोप खाल्ली आहे. दुसऱ्या दिवशी त्या भंगारवाल्याला शोधत नागनाथ पारापर्यंत गेलो. दिसला नाही. तुला कुठल्या तोंडाने सांगू, म्हणून फोनही आटोपता घेत राहिलो.

विलायतेतले ते शिसाचे पोकळ शिपाई, त्यांचं मुंडकं तुटलं की मानेत काडेपेटीची काडी खुपसून परत बसवायचे म्हणे. वाचलं आणि आपला फेव्हिकॉल आठवून गलबललं. वेल्सने पुस्तकाच्या शेवटी लिहिलंय की हा खेळ तीन-चारदा खेळलात की खरं युद्ध किती ओबडधोबड प्रकार आहे ते कळेल. पुढच्याच वर्षी ते पहिलं महायुद्ध पेटलं. मला वाटतं, तो मनापासूनच बोलला होता. आपला एक मावळा फुटला तरी आपण दोघंही गप्प व्हायचो, आठवतं?

मिनूचं लग्न ठरल्याचं सुमीकडून कळलं. फार आनंद झाला, तारीख कळव, आम्ही सगळे येतो. काकूंच्या डोळ्याचं ऑपरेशन नीट झालं ना? वहिनींना नमस्कार.

आता एकच विचारायचंय. नागपूरला जाताना तू घोडदळ बुटांच्या खोक्यात भरून नेलं होतंस, वर तुझ्या बाबांचं धोतर गुंडाळून. ते खोकं आहे का अजून? असेल तर उघडू नकोस, झटकूही नकोस. लग्नाला येईन तेव्हा आपण दोघं मिळून उघडू. आणि नसेल, तरी तसंच लिही.

तुझा,
दिगू