ताई, त्या डाव्या कडेबद्दल

प्रिय ताई,

परवा माझा एमएस्सीचा प्रकल्प जमा झाला. आभाराच्या पानावर तुमचं नाव आहेच, पण दोन ओळींत ते मावेना, म्हणून हे पत्र.

१४ सप्टेंबर २०१५ ला लायगो या गुरुत्वीय लहरी टिपणाऱ्या वेधशाळेनं टिपलेली टक्कर मी संगणकावर पुन्हा घडवत होतो. सूर्याच्या सुमारे ३६ पट आणि २९ पट वस्तुमानाची दोन कृष्णविवरं. अशी गणितं करणारी आइन्स्टाइन टूलकिट ही संगणकप्रणाली सगळ्यांना मोफत, त्या टकरीची फाईलही तयार. निघालेल्या लहरीच्या आलेखात सुरुवातीलाच एक उंचवटा दिसला आणि मी तोच धरून बसलो. आठ दिवस त्याचा अर्थ लावत होतो. तुम्हाला दाखवला तेव्हा तुम्ही हसला नाहीत. तळहातानं स्क्रीनची डावी कड झाकलीत आणि म्हणालात, "आता बघ."

मग सगळं समजावलंत. कृष्णविवरं युगानुयुगं एकमेकांभोवती फिरत, लहरी सोडत जवळ आलेली असतात. आपण मात्र शेवटच्या काही फेऱ्यांपासून गणित सुरू करतो आणि सुरुवातीच्या मांडणीत त्या आधीच्या लहरी धरलेल्याच नसतात. ती खोट पहिल्याच झटक्यात बाहेर पडते, तोच हा उंचवटा. निव्वळ कचरा! खरी लहर त्याच्या मागून येते. तिचे वळसे उंच आणि दाट होत जातात, टकरीला ती शिगेला पोचते आणि मग घंटेच्या नादासारखी घुमत विरते. ते घुमणं आपले भौतिकशास्त्रज्ञ सी. व्ही. विश्वेश्वरांनी १९७० सालीच दाखवलं होतं, हेही तुमच्याकडूनच कळलं.

मी तिथंच थांबलो असतो. संगणक हे गणित अवकाशावर टाकलेल्या बिंदूंच्या जाळीवर करतो; तुम्ही तेच गणित तीन वेगवेगळ्या बारकाईच्या जाळ्यांवर करायला लावलंत. खरं सांगतो, तेव्हा राग आला होता. महासंगणकाच्या रांगेत नंबर लागायलाच दिवस जायचे. पण जाळी बारीक होत गेली तशा आलेखातल्या रेषा एकमेकींजवळ सरकल्या, टकरीपाशी तेवढी थोडी फट उरली. ती फट किती, हे लिहिता आलं म्हणून माझ्या उत्तरावर विश्वास ठेवता येतो. मधे गणित कोसळलं की तुम्ही सांगायचात, १९६४ साली हान आणि लिंडक्विस्ट यांनी अशी टक्कर संगणकावर घडवायचा पहिला प्रयत्न केला, आणि फेऱ्या, टक्कर, लहरी असं सगळं सलग जमायला प्रिटोरियसचं २००५ साल उजाडलं. ते ऐकून मी पुन्हा बसायचो.

गेल्या आठवड्यात गावी गेलो होतो. औंढा नागनाथला लायगोची भारतातली वेधशाळा होणार, हे आमच्या हिंगोलीत सगळ्यांना माहीत आहे. वडिलांनी आलेख बघायला मागितला. लॅपटॉप उघडला आणि आधी तळहातानं डावी कड झाकली.

तुमचा विद्यार्थी