तीन सेंटांचा महापौर

संपादक महोदय,
अमेरिकेतल्या क्लीव्हलँडचा महापौर टॉम जॉन्सन (१९०१ ते १९०९) आपल्याकडे फारसा कुणाला आठवत नाही. गृहस्थ स्वतः ट्राम कंपन्यांचा मालक. नाणी दिसतील अशी काचेची भाडेपेटीही त्याच्याच डोक्यातून निघालेली. पण जमिनीच्या मक्तेदारीवर टीका करणारे अमेरिकन अर्थतज्ज्ञ हेन्री जॉर्ज यांचे लेखन वाचले आणि माणूस पालटला! ज्या धंद्यात गबर झाला, त्याच्याच मक्तेदारीवर उठला. पाच सेंटांचे ट्रामभाडे तीनवर आणायचे म्हणून सर्कशीसारखा तंबू ठोकून सभा घ्यायचा. श्रोत्यांनी आडवेतिडवे प्रश्न विचारावेत, ही हौसही त्याचीच. (आज कोण विचारू देतो?) १९०९ मध्ये निवडणूक हरला, १९११ मध्ये वारला. शहरातल्या पब्लिक स्क्वेअरमध्ये त्याचा पुतळा आहे. हातात पुस्तक, अर्थातच जॉर्ज यांचे.

– एक नियमित वाचक, सांगली