टोमॅटोला आधार रोप लावतानाच द्या

संपादक साहेब, नमस्कार,

पाऊस उघडला की आपल्या कोल्हापुरात गच्चीवर, परसात टोमॅटो लावायची गडबड सुरू होते आणि आता बरेचजण विटा नाहीतर फळ्या लावून उंच वाफे करतायत, चांगलंच आहे, पाणी साचत नाही, मुळं कुजत नाहीत. पण आधाराकडं कुणाचं लक्षच नसतं. ओळखीत घरोघरी तेच बघतोय, फळं धरेपर्यंत काही करायचं नाही आणि मग एक बारीक काठी खुपसून सुतळीनं गच्च आवळायचं. वाफ्यातली माती जेमतेम फूटभर, ती पण कोकोपीट आणि गांडूळखतानं भुसभुशीत, ती काठी काय धरणार? पाणी घातलं की हलते, फळांचं वजन आलं की झाड काठीसकट आडवं. उशिरा काठी रोवताना मुळं तुटतात ते वेगळंच.

माझं म्हणणं एवढंच, आधार मातीवर सोडू नका. परसात असाल तर ७-८ फुटी बांबू वाफ्यातनं खालच्या घट्ट जमिनीत फूट-दीड फूट ठोका. गच्चीवर खाली स्लॅब, तिथं चारी कोपऱ्यांना बाहेरच्या बाजूनं बांबू लावून फळीला खाली-वर दोन ठिकाणी स्क्रूनं नाहीतर तारेनं पक्के करा, वर आडवे बांबू बांधा आणि त्यावरनं प्रत्येक रोपाला एकेक सुतळी सोडा, रोप वाढेल तसा शेंडा सुतळीभोवती फिरवत न्यायचा. शेतात तार-बांबूवर टोमॅटो चढवतात तेच हे, छोट्या मापात. स्लॅबला भोकं मात्र पाडू नका, पावसाळ्यात गळती लागते. आणि हे सगळं रोप लावायच्या दिवशीच.

काठीला बांधायचं असेल तर बारीक नायलॉन नको, खोडात रुततो. जुन्या सुती साडीची पट्टी घ्या, इंग्रजी आठासारखा वेढा द्यायचा, काठीकडं आवळून आणि खोडाकडं बोट जाईल एवढा सैल, कारण खोड पुढं जाड होतं. बगलफूट, म्हणजे पान आणि खोडाच्या बेचक्यातनं येणारी फूट, उंच वाढणाऱ्या जातींचीच काढा, झुडपी जातींची काढली तर फळंच कमी लागतात. झाड मोठं झालं की खालची फूटभर पानं काढून टाका, मातीचे शिंतोडे उडून करपा, म्हणजे पानं करपवणारा रोग, तिथनंच वर चढतो. आणि तंबाखू मळलेल्या हातानं रोपाला शिवू नका हो, तंबाखूतनं मोझॅक व्हायरस टोमॅटोवर येऊ शकतो, आधी साबणानं हात धुवा.

तयार वाफे विकणाऱ्यांना पण विनंती, सोबत कमरेएवढ्या काड्या देण्यापेक्षा चौकटीला बसणारे बांबू द्या, चार पैसे जास्त घ्या. आणि साहेब, तुमच्या पुरवणीत या बांधणीचं एक चित्र दसऱ्याच्या आत छापलंत तर यंदाच्या लागणीला लोकांना उपयोग होईल.

आपला वाचक,
मंगळवार पेठ, कोल्हापूर