नुसती फी आणि मुदत पाहू नका

संपादक महोदय,

मुलांना बारावीनंतर अमेरिकेत पाठवायचा विचार करणारे पालक टेक्निकल स्कूल आणि कम्युनिटी कॉलेज यांची तुलना फी आणि मुदत पाहून उरकतात. खरी मेख आहे क्रेडिटमध्ये (प्रत्येक विषय पूर्ण केल्यावर खात्यावर जमा होणाऱ्या एककांमध्ये) आणि व्हिसामध्ये.

टेक्निकल स्कूलचा कोर्स काही महिन्यांपासून दोन वर्षांपर्यंत चालतो आणि जवळजवळ सगळा हातातल्या कामाचा असतो. कम्युनिटी कॉलेज म्हणजे स्थानिक सरकारी कॉलेज; तिथली असोसिएट डिग्री, म्हणजे बॅचलरच्या खालची दोन वर्षांची पदवी, साधारण ६० क्रेडिटची. तिच्यात इंग्रजी लेखन, गणित, एखादं सामाजिक शास्त्र घ्यावंच लागतं. मशीनवर रमणाऱ्या मुलाला ही कटकट वाटते. पण पुढे बॅचलरला जायचं झालं तर विद्यापीठ सहज मान्य करतं ते हेच विषय.

असोसिएट डिग्र्याही एकसारख्या नसतात. ए.ए. (आर्ट्स) आणि ए.एस. (सायन्स) या विद्यापीठात तिसऱ्या वर्षाला जाण्याच्या बेताने आखलेल्या. ए.ए.एस. (अप्लाइड सायन्स) थेट नोकरीसाठी; तिच्यातले तांत्रिक क्रेडिट बरीच विद्यापीठं धरत नाहीत. म्हणून दोन संस्थांमधला ट्रान्सफरचा, म्हणजे एकीचे क्रेडिट दुसरीने धरण्याचा, लेखी करार आधी मागावा आणि आपला विषय त्यात आहे का, हे बघावं. ‘होऊन जाईल हो’ या तोंडी आश्वासनाला काडीची किंमत नाही. खासगी टेक्निकल स्कूलला मान्यता देणारी संस्था बहुधा विद्यापीठांना मान्यता देणाऱ्या संस्थेपेक्षा वेगळी असते, त्यामुळे तिथले क्रेडिट सहसा बाहेर चालत नाहीत. सप्टेंबर २०१६ मध्ये आयटीटी टेक ही खासगी टेक्निकल स्कूलांची साखळी बंद पडली, तेव्हा हजारो विद्यार्थ्यांना हे फार उशिरा कळलं.

व्हिसाचं तर कुणी बोलतच नाही. व्यावसायिक कोर्सला एम-१ मिळतो, डिग्रीला एफ-१. एम-१ वर शिकताना नोकरी करता येत नाही. कोर्स संपल्यावर चार महिन्यांच्या अभ्यासाला एक महिना या हिशेबाने प्रशिक्षण म्हणून काम करता येतं, तेही मंजुरी घेऊन आणि फार तर सहा महिने. शिवाय अमेरिकेत बसून एम-१ चा एफ-१ होत नाही. एफ-१ वर असोसिएट डिग्रीनंतर १२ महिन्यांच्या ओपीटीसाठी (शिकलेल्या विषयात तात्पुरतं काम करण्याच्या परवानगीसाठी) अर्ज करता येतो. स्टेम शाखांची (विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी, गणित) २४ महिन्यांची वाढ मात्र बॅचलर किंवा त्यावरच्या पदवीलाच.

आता धंद्याकडून बघा. कम्युनिटी कॉलेजची नर्सिंगमधली असोसिएट डिग्री असेल तर एनक्लेक्स-आरएन या नोंदणीकृत नर्सच्या परवाना परीक्षेला बसता येतं. टेक्निकल स्कूलच्या साधारण वर्षभराच्या कोर्सवर एलपीएनपर्यंतच, म्हणजे त्याखालच्या पायरीच्या नर्सपर्यंतच, मजल जाते. उलट एसी-फ्रिजच्या कामात गॅस हाताळायला ईपीए या अमेरिकी पर्यावरण संस्थेच्या नियमाखालचं ६०८ प्रमाणपत्र लागतं आणि त्या परीक्षेला डिग्रीची अट नाही. तिथे दोन वर्षं घालवायची का, हा प्रश्न रास्तच.

वेल्डिंग, एसीचे छोटे सर्टिफिकेट कोर्स अनेक कम्युनिटी कॉलेजांतही असतात, आणि त्यांचे क्रेडिट पुष्कळदा त्याच कॉलेजच्या ए.ए.एस.मध्ये धरले जातात. चौकशी तिथून सुरू करावी.

– एक शैक्षणिक समुपदेशक