पाटे चढवले, पण बोल्ट कधी आवळले?

संपादक महोदय,

खानापूर-जांबोटीच्या रस्त्यांसाठी नवे पाटे (चाकांवरच्या लोखंडी पट्ट्यांच्या स्प्रिंगा) बसवून जीप दोन इंच उंच करून घेणं वाईट नाही, घाई वाईट. पाट्यांच्या शॅकलचे (पाट्याचं टोक गाडीच्या सांगाड्याला जोडणाऱ्या हलत्या कडीचे) बोल्ट गाडी जॅकवर असतानाच करकचून आवळले, तर गाडी खाली आल्यावर बूशचं (त्या सांध्यातल्या रबरी नळीचं) रबर पिळलेलंच राहतं आणि लवकर फाटतं. आधी बोल्ट हातानं लावा, चाकं जमिनीला टेकवा, गाडी दोन-तीनदा दाबून हलवा, मगच टॉर्क रेंच (ठरावीक जोरानं आवळायचा पाना). पाटे अॅक्सलला बांधणारे यू-बोल्ट मात्र नवेच. जुने ताणलेले असतात. 500 किलोमीटरनंतर पुन्हा आवळा. चाक पूर्ण लोंबकळल्यावर ब्रेकचा होज (तेलाची रबरी नळी) ताणतो का, बोटानं चाचपा. आणि गाडी उंच झाली की हेडलाइटचा झोत खाली करायला विसरू नका! चोर्ला घाटात समोरच्याला रस्ताच दिसत नाही.

– एक वाचक, खानापूर (जि. बेळगाव)